उतारा

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजीचा उतारा दिला होता. खाली पाच प्रश्न, आणि शेवटचा परिच्छेद हिंदीत भाषांतरासाठी. त्यातला माणूस पिऊन पिऊन नोकरी घालवतो, घर घालवतो, आणि मग एक वाक्य येतं : 'ही वेंट टू अ क्लिनिक टू ड्राय आउट.' वह्या घरी आणल्या आणि रात्री जेवणं आटोपल्यावर तपासायला बसले. सातव्या की आठव्या वहीत निळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : 'वह सूखने के लिए अस्पताल गया।'

लाल पेन हातात तसंच राहिलं. वाक्य चूक होतं, गुण कापायलाच हवे होते. पण त्या चुकीत काहीतरी खरं होतं, आणि ते रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवरच्या खोलीपर्यंत जात होतं. त्या रात्री उरलेल्या वह्या तपासून झाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर त्या मुलीला थांबवलं. गरियाबंदकडची मुलगी, रायपुरात खोली घेऊन राहते. 'सूखने' का लिहिलंस, म्हणून विचारलं. ती घाबरली. हिंदीत सुरू केलेलं वाक्य मध्येच छत्तीसगढीत गेलं : "मैडम, मउहा ल सुखाथन, तइसने समझे रहेंव।" आमच्याकडे मोहफुलं वाळवतात ना, तसं मी समजले. आणि दोन्ही तळहात पसरून तिनं हवेतच फुलं पांगवून दाखवली.

ज्यांनी मोहफुलं वाळताना पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. फाल्गुन-चैत्रात मोह गळायला लागतो. फुलं रात्री सुटतात आणि पहाटेपर्यंत झाडाखाली पडत राहतात. गावातली बायापोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली पोचलेली असतात. फिकट पिवळसर, गरदार, बोटांत धरली तर पाणी सुटेल अशी ही फुलं. वास गोड आणि जरा डोक्यात जाणारा. मग ती अंगणात पसरायची, उन्हात, तीन-चार दिवस. रंग आधी तांबूस होतो, मग तपकिरी. फूल आक्रसून मनुकेएवढं राहतं. वजन इतकं घटतं की कालची टोपली आज ओंजळीत मावेल असं वाटतं. वाळलेली फुलं मडक्यात, पोत्यात भरून ठेवतात. ती कित्येक महिने टिकतात. दुष्काळात हीच फुलं उकडून लोकांनी दिवस काढले आहेत, लाडू होतात, गुरांनाही घालतात. आणि याच वाळल्या फुलांना पाणी दाखवलं, मडक्यात चार-सहा दिवस मुरू दिलं, फेस येऊन बसला, की मडकं चुलीवर चढतं. वर गार पाण्याचं भांडं, वाफ थंडावते, नळीतून थेंब थेंब उतरतो. आदिवासी घरांना स्वतःपुरती ठराविक मर्यादेत दारू गाळायची कायद्यानं मुभा आहे. ती देवाला लागते, लग्नाला लागते, मरणाला लागते. तिच्याबद्दल वाईट बोलावं असं मला कधी वाटलं नाही.

पण त्या मुलीच्या वाक्यानं माझ्या डोक्यात गाठ मारली ती इथे. मोहाचं फूल वाळतं तेव्हा त्याच्यातलं पाणी जातं. साखर जात नाही. दारू व्हायची असते ती तिच्यातूनच.

इंग्रजी शिकवणाऱ्या बाईनं या ठिकाणी शब्दाचा अर्थ नीट सांगायला हवा, तो मी वर्गात सांगितलाही. 'ड्राय' म्हणजे कोरडा, आणि इंग्रजीत दारू नसलेल्या सगळ्याच गोष्टी कोरड्या असतात. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती तेव्हा देश कोरडा होता. आपल्याकडे 2 ऑक्टोबरला असतो तो 'ड्राय डे'. 'आउट' हा लहानसा शब्द मात्र नुसता 'बाहेर' म्हणून येत नाही. आपण 'खाल्लं'ऐवजी 'खाऊन टाकलं' म्हणतो, 'सुकलं'ऐवजी 'सुकून गेलं' म्हणतो, तिथे 'टाकणं' आणि 'जाणं' जे काम करतात तेच हा 'आउट' करतो : क्रिया शेवटपर्यंत नेतो. ओला टॉवेल ड्राय आउट होतो, ओलं लाकूड होतं, पावसाळ्यानंतर भिंत होते. माणसाला लावला की अर्थ असा : सतत पिणाऱ्यानं, बहुधा दवाखान्यात राहून, दारू बंद करून शरीर दारूवाचून राहील इथपर्यंत आणणं. एका रात्रीची नशा ओसरते तिला हा शब्द चालत नाही, तिथे 'सोबर अप'. आणि नदी आटते किंवा नट रंगमंचावर वाक्य विसरून थिजतो, तिथे 'ड्राय अप'. एवढं फळ्यावर लिहिलं, मुलांनी उतरवून घेतलं.

उतरवून घेतलं. मराठीत या एका क्रियापदाचा किती पसारा आहे हे मला त्याच दिवशी जाणवलं. ताप चढतो आणि उतरतो. नशा चढते आणि उतरते. सापाचं विष चढतं आणि उतरवावं लागतं. मीठमोहऱ्यांनी दृष्टही उतरवतात. विषावर जे देतात तो उतारा. बाधा झाली म्हणून दहीभात ओवाळून चव्हाट्यावर ठेवतात तोही उतारा. आणि मी वर्गात वाचायला दिला तोही उताराच. इंग्रजीतल्या 'टॉक्सिक' या शब्दाचं मूळ ग्रीकमध्ये धनुष्यापाशी जातं, बाणाच्या टोकाला लावायच्या विषापाशी. म्हणजे 'डिटॉक्स' हा शब्द लागलेल्या बाणाचं विष काढायला निघालेला आहे. आपला उतारा त्याच्या फार जवळचा. पण उतारा या शब्दाला दुसरी बाजूही आहे, ती पिणाऱ्यांच्या घरातल्या माणसांना ठाऊक असते. रात्रीच्या दारूनं सकाळी हात कापू लागले की कापरं थांबवायला जो पहिला घोट घेतात, त्यालाही उताराच म्हणतात. माझा मामा म्हणायचा. "उतारा घेतो गं जरासा," असं आईला सांगून तो स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला जायचा.

वसंतमामा आईचा धाकटा भाऊ. सरकारी खात्यात नोकरीला. अक्षर असं की साहेबांची पत्रं त्याच्याकडून लिहून घेत. रायपुरातल्या मराठी घरांतली बोली असते तशी त्याची बोली : नागपुरी मराठी, मध्येच हिंदी, बाजारात गेला की छत्तीसगढी. तो गोलबाजारातून भाजी आणायचा तेव्हा भाजीवाल्या बाईची आधी सगळी चौकशी व्हायची, मग भाव. मला आठवतं तेव्हापासून तो पीत होता, आणि मला आठवतं तेव्हापासून तो मला आवडत होता. या दोन गोष्टी एका माणसात असतात, हे मुलं लवकर शिकतात.

1997च्या दिवाळीनंतर घरच्यांनी ठरवलं, आता बस. कुणी नाव ठेवावं असं त्यात काही नव्हतं. सगळ्यांना तो हवा होता म्हणूनच ठरवलं. त्याला माडीवरच्या खोलीत ठेवायचं, बाहेरून कडी, तीन-चार दिवस दारू बंद. लिंबूपाणी, ताक, मुगाची खिचडी. शरीरातलं विष निघून गेलं की माणूस ताळ्यावर येईल, असं सगळे म्हणत होते. मामानंही मान डोलावली होती. तो स्वतःच्या पायांनी जिना चढला. पहिल्या रात्री त्याला घाम फुटला, हात थांबेनात. आई ताकाचा पेला घेऊन गेली तर पेला त्याच्या दातांवर वाजला. तो आवाज मला खाली ऐकू आला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पलंगावरून पडला, डोळे वर गेले, सगळं अंग ताठून झटके यायला लागले. मी दहावीत होते. कडी मीच काढली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर आईला बाजूला बसवून जे सांगितलं ते मी दारात उभी राहून ऐकलं, आणि पुढे मोठेपणी वाचून पक्कं केलं. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तोडणं जिवावर बेतू शकतं. थरथर पहिल्या काही तासांतच सुरू होते. झटके येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत मोठा असतो. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो. तेव्हा उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. म्हणून दवाखान्यात मेंदू शांत ठेवणाऱ्या गोळ्या आधी पुरेशा देतात आणि मग दिवसागणिक कमी करत नेतात. सोबत ब 1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात त्याचा खडखडाट झालेला असतो, आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते पुढच्या गोष्टीनं. दारू शरीरातून जायला फार वेळ लागतच नाही. यकृत साधारण तासाला एका लहान पेगएवढी दारू निकालात काढतं. कितीही प्यायलेला असो, दिवस-दीड दिवसात रक्त मोकळं होतं. ताक आणि लिंबू त्याला घाई करू शकत नाहीत. म्हणजे मामाला झटके आले तेव्हा विष उतरलेलं होतं. ते उतरलं म्हणूनच झटके आले. दारू मेंदूला सतत खाली दाबत असते आणि मेंदू तोल राखायला उलट बाजूनं जोर लावून बसलेला असतो. रस्सीखेचीत समोरच्यांनी अचानक दोर सोडला की इकडचे जसे भुईवर कोसळतात, तसं होतं ते. आम्ही विष काढायला निघालो होतो. काढायला विष उरलंच नव्हतं. दारूची सवय झालेला माणूस उरला होता, आणि त्याला आम्ही कडी लावली होती.

म्हणून त्या वाक्यापाशी माझं लाल पेन थांबलं. 'सूखने के लिए.' आम्हीही त्याला वाळत घातलं होतं.

1998च्या उन्हाळ्यात आई आणि मामा आझाद हिंद एक्सप्रेसनं पुण्याला गेले. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशातलं शहर होतं, छत्तीसगढ व्हायला दोन वर्षं होती. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र होतं. डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी ते 1986 साली सुरू केलं. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर अवचटांनी लिहिलेलं वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे हेलावले आणि पैसे घेऊन उभे राहिले, ही हकीकत मराठी घरांत सांगितली जाते, आमच्याही घरात सांगितली गेली होती. आईनं मुक्तांगणचं नाव काढलं ते त्यामुळेच. सुनंदाताई तोवर गेल्या होत्या. उपचार 35 दिवसांचा. मामा 35 दिवसांनी परतला तेव्हा बारीक झाला होता, रंग मात्र उजळला होता, आणि त्याच्या तोंडात एक नवा शब्द होता : टर्की.

हा शब्द मला फार विलक्षण वाटतो. व्यसन एका झटक्यात तोडणं याला इंग्रजीत 'कोल्ड टर्की' म्हणतात. मुंबई-पुण्याच्या गर्दुल्ल्यांनी त्यातली थंडी काढून टाकली आणि टर्की तेवढी ठेवली. नशा न मिळाल्यावर अंग मोडून येतं, नाका-डोळ्यांतून पाणी वाहतं, हाडं दुखतात, ती टर्की. ती लागते, भूक लागावी तशी. असा पक्षी आपल्याकडे सहसा कुणी पाळत नाही, ताटातही तो सहसा येत नाही; तरी आमच्या वसंतमामानं अंगणात बसून सांगितलं, "माडीवर मला टर्की लागली होती, ताई. तुम्हाले काय माहीत. मलेही माहीत नव्हतं." शब्दकोशातून आलेला शब्द असता तर तो असा बसला नसता. ज्यांना सोसावं लागलं त्यांनी आपल्या तोंडाच्या मापाचा करून घेतला.

टर्की जाते, असं मामा सांगायचा. आठवडा, दहा दिवस. ते सोपं. मग बाकीचे दिवस तिथे काय करतात, मी विचारलं होतं. तो बराच वेळ गप्प राहिला. बोलतात, म्हणाला. सगळे गोल करून बसतात आणि ज्यानं त्यानं आपलं सांगायचं. खोटं बोललं की बाकीच्यांना लगेच कळतं, कारण तेच खोटं तेही घरी बोललेले असतात.

गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला सुधाकर मला कॉलेजात शिकायला होता. ते नाटक रंगमंचावर आलं फेब्रुवारी 1919मध्ये, गडकरी गेल्यावर महिन्याच्या आत. सुधाकर दारू सोडायचा निश्चय करतो आणि तो टिकत नाही, हे वाचताना माझ्या बरोबरीच्या मुलींना त्याचा राग यायचा. मला यायचा नाही. गोल करून बसलेली माणसं सुधाकराला मिळाली नाहीत, असंच माझ्या मनात यायचं. अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी एका शेअर दलालानं आणि एका डॉक्टरनं, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलून स्वतःला सावरलं आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभी राहिली, ती 1935 साली. सुधाकर सोळा वर्षं आधीच आला. नाटकातल्या माणसाबद्दल असा हिशेब करू नये, पण मी तो केला आहे, अनेकदा.

मराठीत दारू सोडतात आणि दारू सुटते. सोडणं माणसाच्या हातात आहे, सुटणं तसं नाही; पकड सैल व्हावी लागते, मग ते सुटतं, गाठ सुटावी तसं. छत्तीसगढीतही 'छोड़ दिस' आणि 'छूट गे' वेगळे. इंग्रजीतल्या त्या क्रियापदात हा फरक दिसत नाही, तिथे माणूस नुसता वाळतो, आणि वाळणं केव्हातरी पूर्ण होतं. आईला लोक विचारायचे, "वसंताची सुटली ना आता?" आई आनंदानं हो म्हणायची. मामा मात्र ऐकलं की दुरुस्त करायचा. "सुटली म्हणू नको बापा. आज नाही घेतली म्हण."

दोन वर्षांनी नात्यातल्या एका लग्नात त्यानं घेतली. एकच, म्हणाला, चार दिवस चालली. माझ्या काकांनी तेव्हा हात झटकले, आता याचं काही खरं नाही म्हणाले. ते मला अजून खुपतं. मोहाचं फूल मडक्यात दोन वर्षं कोरडं राहिलं म्हणून ते मोहाचं फूल असायचं थांबत नाही, आणि पाणी लागलं म्हणून फुलाला कुणी दोष देत नाही. पाचव्या दिवशी मामा स्वतः पुण्याला फोन लावायला एसटीडी बूथवर गेला. मी बाहेर उभी होते. काचेतून त्याची पाठ दिसत होती, आणि ती हलत होती.

त्या मुलीला मी पूर्ण गुण दिले नाहीत, अर्धे दिले. वहीत लिहिलं : 'शराब छुड़ाने के लिए.' वही परत घेताना तिनं वाचलं आणि विचारलं, "मैडम, छुड़ाने या छोड़ने?" मी म्हटलं, दोन्ही बरोबर. मग म्हटलं, घरात कुणी आहे का? तिनं खाली बघूनच मान हलवली. मी तिला बसवून घेतलं आणि माडीवरच्या खोलीचं सांगितलं. एकाएकी तोडू नका, कोंडू नका, आधी डॉक्टरकडे न्या, हे तीनदा सांगितलं. ते तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, व्याकरण लिहावं तसं, ओळीखाली ओळ.

लग्नातल्या त्या चार दिवसांनंतर मामानं एक सवय लावून घेतली. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असायचं, दुधाचा हिशेब त्यावरच. झोपायला जाण्याआधी तो त्या दिवसाच्या चौकटीत, दुधाच्या आकड्याच्या खाली, पेननं एक टिंब द्यायचा. बोलायचा काही नाही. वर्ष संपलं की आई ती पानं रद्दीत घालायची नाही; ती ट्रंकेत आहेत. मी मध्यंतरी काढून पाहिली. काही टिंबं इतकी दाबून दिलेली की कागदाला मागून फुगवटा आला आहे. ते दिवस कसे गेले असतील हे बोट फिरवलं की कळतं. एकही चौकट रिकामी नाही.

2016च्या ऑगस्टमध्ये तो गेला, हृदयविकारानं, दुपारी चारच्या सुमारास. रात्री घरात माणसंच माणसं होती. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर आई कालनिर्णयासमोर उभी होती. तिनं फडताळातलं पेन घेतलं, चष्मा नव्हता म्हणून जवळ जाऊन ती चौकट शोधली, आणि त्या दिवसाचं टिंब दिलं.